जुन्या एसयूव्हीत गिअरबॉक्स तापल्याचा दिवा वारंवार लागतोय? बॉक्स खोलण्याआधी हे तपासा

घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला ट्रकांच्या मागे गाडी कधीपासून रांगते आहे. एसी चालू, इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध, सगळं ठीक. आणि अचानक डॅशबोर्डवर ‘ए/टी ऑइल टेंप’चा दिवा लागतो. पुढे रस्ता मोकळा झाला, गाडी जरा पळाली, की विझतो. काही दिवसांनी पुन्हा तेच. दहा-पंधरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही मुंबईत वापरणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हे येतं. गॅरेजमध्ये गेलं की पुष्कळदा गाडी जॅकवर चढण्याआधीच निकाल लागतो: “साहेब, बॉक्स खोलावा लागेल.”

लगेच हो म्हणू नका. गिअरबॉक्समधलं तेल तापलंय, एवढंच हा दिवा सांगतो. का तापलंय ते शोधायचं तर दिवा कधी लागतो ते बघावं लागतं: सकाळी किल्ली फिरवल्या फिरवल्या, ट्रॅफिकमध्ये, हायवेला एका वेगात जाताना, घाटात की पावसात. या प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि खर्चही वेगळा. म्हणून मोबाइलमध्ये साधी नोंद ठेवायला लागा: दिवा लागला ती जागा, वेग, एसी चालू होता का, गाडी किती भरलेली होती, विझायला किती वेळ लागला. चार-पाच नोंदी झाल्या की निम्मं निदान झालेलं असतं.

दिवा लागलेला असताना काय करायचं

सुरक्षित जागा बघून कडेला घ्या, हॅझर्ड लावा, हँडब्रेक ओढा, लिव्हर ‘पी’मध्ये टाका. इंजिन मात्र बंद करू नका. गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर फिरतो; इंजिन बंद झालं की तेल कूलरकडे जायचं थांबतं आणि सगळी उष्णता आतच कोंडते. ॲक्सिलरेटर किंचित दाबून हजार ते पंधराशे आरपीएम ठेवा आणि काही मिनिटं थांबा. एसी बंद करा, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो आणि त्याची गरम हवा थेट मागे जाते. बोनेट उघडलंत तरी रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

याला अपवाद दोन. गाडीखाली तेल ठिबकतंय किंवा जळका वास येतोय, तर इंजिन ताबडतोब बंद करून टोइंग बोलवा. इंजिनाचा काटाही लालकडे चढतोय, तर मूळ दुखणं इंजिन कूलिंगचं आहे आणि गिअरबॉक्स नुसता त्याची झळ सोसतोय; तिथेही इंजिन बंदच करायचं. टोइंगला फ्लॅटबेडच मागा. ऑटोमॅटिक फोर बाय फोर दोन चाकं रस्त्यावर ठेवून ओढली, तर जो बॉक्स वाचला असता तोही जातो.

उष्णता येते कुठून

ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन एका बाजूचं पातं फिरवतं, ते तेल ढकलतं, आणि तेलाच्या जोरावर समोरचं पातं फिरतं. दोन्ही पाती एका वेगाने फिरत नाहीत तोवर त्यांच्यातल्या फरकाची उष्णता होते, आणि ती सगळी तेलात जाते. गाडी साधारण पन्नास-साठच्या पुढे स्थिर चालली की कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, घसरणं थांबतं, तेल निवतं. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला संध्याकाळी कांदिवलीपासून दहिसरपर्यंत जाताना तो लॉकअप लागायची वेळच येत नाही. गाडी पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत राहते.

या तेलाचं निरोगी तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस. ट्रॅफिकमध्ये १००-१०५ पर्यंत गेलं तर घाबरायचं कारण नाही. १२० च्या पुढे तेल झपाट्याने खराब होऊ लागतं आणि रबराची सील कडक पडू लागतात. बऱ्याच गाड्यांत दिवा त्याही पुढे, १३० ते १५० च्या दरम्यान कुठेतरी लागतो. म्हणजे दिवा दिसतो तोवर तेलाने बरंच सोसलेलं असतं. तेलवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: तापमान दर १०-११ अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. एकदा लागून विझला म्हणून हा दिवा विसरायचा नाही, तो यासाठी.

गार गाडीतच दिवा लागत असेल तर

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली आणि दिवा लगेच लागला, तर तेल तापलेलं असूच शकत नाही. दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. खात्री करायला ब्लूटूथवर चालणारा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती आणि दोषांचे कोड मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र, लावा. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सचं तापमान साध्या ॲपमध्ये दिसेलच असं नाही, कंपनीनुसार वेगळी सेटिंग लागते, पण दिसलं तर ते कूलंटच्या, म्हणजे इंजिन निववणाऱ्या पाण्याच्या, तापमानाशी जुळायला हवं. मुंबईत सकाळी दोन्ही पंचवीस-तीसच्या आसपास. तेल ९० दाखवतंय किंवा उणे ४० दाखवतंय, तर कारण उघड आहे. या सेन्सरचा रोध तापमान वाढलं की कमी होतो, त्यामुळे वायर बॉडीला टेकली तर तेल भयंकर गरम भासतं आणि वायर तुटली तर बर्फासारखं गार. कोड बहुधा पी०७१२ किंवा पी०७१३ येतो. तेल खरोखर तापल्याचा कोड वेगळा, पी०२१८.

वायर कुठे बघायची? आधी गिअरबॉक्सच्या बाजूचं कनेक्टर काढा आणि आत लाल तेल झिरपलंय का, पिनांवर हिरवट गंज आहे का, ते पाहा. खाऱ्या हवेत हा गंज लवकर चढतो. मग हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, हाताने चाचपत वर जा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर आहेत हे सांगायला नको. पावसाळ्यात ते उबेला इंजिनावर येतात आणि वायरीच कुरतडतात. वायरमनकडून एक वायर जोडून घ्यायचं काम आणि बॉक्स उतरवायचं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ट्रॅफिकमध्ये लागतो, पळाली की विझतो

मुंबईत सर्वात जास्त आढळणारा प्रकार हा, आणि बहुतेक वेळा दोष गिअरबॉक्सच्या बाहेर सापडतो. गाडी पळताना समोरून हवा मिळते, उभी असताना ती पंख्याने ओढायची असते. पळताना तेल निवतंय म्हणजे कूलर आणि तेलाचा प्रवाह बहुधा ठीक आहे. हवा कमी पडतेय.

पुढची जाळी आणि बंपर काढून बघा, वरून टॉर्च मारून भागत नाही. जुन्या एसयूव्हीत सर्वात पुढे एसीचा कंडेन्सर, काही गाड्यांत तिथेच गिअर ऑइलचा वेगळा कूलर, आणि मागे रेडिएटर असतो. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, कारण वॉशिंगवाला रोज पाणी मारतो. खरा कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यातल्या बोटभर फटीत अडकतो: बांधकामांची धूळ, गुलमोहराची बारीक पानं, पिसं, प्लॅस्टिकचे तुकडे, आणि पावसाळ्यात उडालेला चिखल वाळून सगळं एकमेकाला चिकटलेलं. एका शेजाऱ्यांच्या गाडीत हा थर गोधडीसारखा अख्खाच्या अख्खा सोलून निघाला होता. खालच्या अर्ध्या भागात उजेड आरपार दिसत नव्हता. त्यांना बॉक्सच्या दुरुस्तीचा लाखाच्या घरातला अंदाज मिळालेला होता. फटीतला कचरा निघाला आणि दिवा लागायचा थांबला.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे कचरा आला त्याच्या उलट दिशेने, आणि कमी दाबाने मारायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट जवळून मारला तर ॲल्युमिनियमची बारीक पाती वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

मग पंखा. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा असेल तर त्यात व्हिस्कस फॅन क्लच असतो. आत सिलिकॉन तेल असतं, ते वर्षानुवर्षं झिरपून कमी होतं, आणि पंखा फिरताना दिसतो पण हवा ओढत नाही. इंजिन गरम करून बंद करा, किल्ली खिशात ठेवा, आणि पंखा हाताने फिरवा. चिकट अडथळा जाणवला पाहिजे. हात काढल्यावर तो मोकळा गरगरत राहिला, तर क्लच गेला. इंजिन चालू असताना वर्तमानपत्राचं एक पान जाळीवर धरायचं. ते आत ओढलं जाऊन चिकटून राहिलं पाहिजे. इलेक्ट्रिक पंखे असतील तर दोन्ही वेग लागतात का ते बघा. रेझिस्टर जळून फक्त एकच वेग शिल्लक राहणं हा नेहमीचा रोग आहे. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं, ज्याला गॅरेजात श्राउड म्हणतात, तेही जागेवर हवं. एखाद्या कामात काढून ठेवलेलं ते कडं पुन्हा न बसवताच गाडी परत आल्याचं मी पाहिलंय.

पुढच्या बाजूला लावलेली सजावटही तपासा. बुलबारवर, म्हणजे बंपरपुढे लावलेल्या धातूच्या दांड्यांवर, केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली, तरी जुन्या गाड्यांवर तो अजून दिसतो, आणि त्यावर लाइटची रांग. कूलरच्या बरोबर समोर एक रुंद पट्टी आडवी आली की ट्रॅफिकमधल्या आधीच कमी हवेत आणखी घट. काढून टाका.

हायवेला एका वेगात असताना लागतो

हे जास्त गंभीर, कारण हवा भरपूर मिळूनही तेल तापतंय. ताडण्यासाठी सलग मोकळा रस्ता हवा. अटल सेतूचे २१.८ किलोमीटर याला उत्तम, नाहीतर रविवारी सकाळचा ईस्टर्न फ्रीवे. सत्तर-ऐंशीला वेग स्थिर ठेवा आणि शेजारच्याला आरपीएमच्या काट्यावर लक्ष ठेवायला सांगा. ॲक्सिलरेटर किंचित दाबल्यावर वेग न वाढता नुसते आरपीएम उसळले, तर लॉकअप लागत नाहीये. मागे गाडी नाही याची खात्री करून ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श केला, तर लॉकअप सुटून काटा दोन-तीनशेने वर जायला हवा. काहीच बदललं नाही, तर लॉकअप मुळात लागलेलाच नव्हता. कोड बहुधा पी०७४१.

इथेच घाई होते. पी०७४१ दिसला की कन्व्हर्टर बदलायची भाषा सुरू होते. त्याआधी दोन स्वस्त गोष्टी बघा. एक, ब्रेक लाइटचा स्विच. तो अडकून कायम चालू राहिला, तर गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला ब्रेक दाबलेला वाटतो आणि तो लॉकअप देतच नाही. रात्री भिंतीला पाठ करून गाडी उभी करा, पेडल सोडल्यावर लाल उजेड जातो का ते पाहा.

दुसरी गोष्ट इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, आणि याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. “गाडी गरम होते” म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. मग हायवेला इंजिन गरजेपेक्षा गार राहतं. अनेक गाड्यांत इंजिन ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय कंट्रोलर लॉकअप लावू देत नाही. म्हणजे गाडी गरम होऊ नये म्हणून काढलेल्या थर्मोस्टॅटमुळे गिअरबॉक्स तापतो. सेकंड हँड घेतलेल्या गाडीत हे आवर्जून तपासा: अर्धा तास हायवेला चालवूनही कूलंट ८० च्या वर जात नसेल, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय.

लॉकअप ठीक असेल तर कूलरचा प्रवाह बघायचा. गाडी गरम करून इन्फ्रारेड थर्मामीटरने कूलरला जाणारा आणि परत येणारा पाइप मोजा. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचं दाखवतं, म्हणून दोन्ही ठिकाणी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून तिच्यावर मोजा. जाणारा खूप गरम आणि येणारा जवळजवळ गार, तर तेल पुढे सरकतच नाहीये, आत कचरा आहे किंवा रबराचा होज आतून फुगलाय. दोन्ही सारखेच गरम, तर तेल फिरतंय पण निवत नाहीये, किंवा तेल कूलरला वळसा घालून परत पाठवणारा बायपास व्हॉल्व्ह अडकलाय. पक्की खात्री परतीचा पाइप डब्यात सोडून होते. बऱ्याच गाड्यांत २०-३० सेकंदांत लिटरभर तेल यायला हवं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, आणि काढलं तेवढं तेल त्याच वेळी परत भरा.

मोठे टायर घातले असतील तर तेही इथेच मोजा. टायरचा व्यास वाढला की गिअरिंग लांबतं, कन्व्हर्टर जास्त घसरतो आणि लॉकअप उशिरा लागतो.

घाटात लागतो

बोरघाट चढताना किंवा नाशिकला जाताना कसाऱ्याला दिवा लागला, तर आधी चालवण्याची पद्धत बघा. चढावर ट्रॅफिक थांबल्यावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं ही ऑटोमॅटिकची सर्वात वाईट सवय. चाकं थांबलेली आणि इंजिन जोर लावतंय, म्हणजे सगळी ताकद तेल उकळण्यात जाते. एक-दोन मिनिटांत तापमान भसाभस चढतं. ब्रेकवर थांबा. सरकताना लिव्हर ‘डी’त न ठेवता ‘२’ किंवा ‘एल’मध्ये ठेवा, खालच्या गिअरमध्ये कन्व्हर्टर कमी घसरतो. पुढच्या गाडीला थोडं पुढे जाऊ द्या आणि मग एकदम चला. दर फुटाला सरकू नका. हे सगळं करूनही, सात माणसं आणि सामान नसतानाही दिवा लागत असेल, तर प्रश्न तेलाचा.

तेल बघताना

डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागी, गरम, इंजिन चालू. ब्रेक दाबून लिव्हर पी-आर-एन-डी असा सावकाश फिरवून परत ‘पी’त आणा, मग डिपस्टिक पुसून दोनदा बघा. कमी तेल वाईट हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त तेलही तितकंच वाईट: फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाळलेलं तेल ना दाब धरतं ना उष्णता वाहून नेतं. डिपस्टिक नसलेल्या गाडीत खालचा लेव्हल प्लग ठरावीक तापमानालाच उघडायचा असतो, अनेकदा ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान. गरम गाडीत उघडून “बरोबर आहे” म्हणणाऱ्या गॅरेजवर विसंबू नका.

पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाका. लालसर, पसरणारा थेंब चांगला. तपकिरी आणि जळका वास म्हणजे तेल संपलं. काळा, मध्ये बारीक कण म्हणजे आतल्या क्लच प्लेटा झिजताहेत. आणि गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी हलवू नका: पाणी किंवा कूलंट आत शिरलंय.

ते दोन वाटांनी शिरतं. रेडिएटरच्या आतला गिअर ऑइल कूलर गंजून फुटला, तर कूलंट तेलात आणि तेल कूलंटमध्ये जातं. दुसरी वाट पावसाळ्याची. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला ब्रीदरची छोटी नळी असते. ट्रॅफिकमध्ये तापलेला बॉक्स अंधेरी सबवे किंवा हिंदमाताच्या पाण्यात शिरला, की एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरचं तोंड पाण्यात असेल तर पाणी आत खेचलं जातं. क्लच प्लेटांचा थर ज्या गोंदाने चिकटवलेला असतो तो पाण्याने सुटतो. म्हणून तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढावीच लागली, तर दुसऱ्याच दिवशी तेल तपासा, आणि एकदा ब्रीदरची नळी इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत लांबवून घ्या. फार सोपं काम आहे.

तेल बदलताना चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाचा तेलाचा ट्रे, उतरवून फिल्टर बदला आणि लोहचुंबक बघा. त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट नेहमीचीच. चमचमणारे कण किंवा चकत्या असतील तर बॉक्स खरोखर झिजलाय. एका वेळी जवळपास निम्मंच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा-दोनदा बदलावं. खूप जुन्या, तेल कधीच न बदललेल्या बॉक्सला मशीनने दाबाचा फ्लश मारू नये या मताचा मी आहे. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. ‘सगळ्यांना चालतं’ म्हणून दिलेलं घेऊ नका. ‘लाइफटाइम’ तेलाचा दावा मुंबईच्या रस्त्यांवर मी मानत नाही. मॅन्युअलमधलं कडक वापराचं वेळापत्रक बघा, आपला रोजचा प्रवास त्यातच बसतो.

जास्तीचा कूलर बसवायचा का?

वरचं सगळं ठीक असेल आणि घाटाचं येणं-जाणं जास्त असेल, तर जरूर बसवा. मात्र बंद पडलेला पंखा किंवा कमी तेल झाकायला नको. नळ्या-पात्यांच्या स्वस्त कूलरपेक्षा एकावर एक थर असलेला प्लेट कूलर चांगला. तेल आधी रेडिएटरमधून आणि मग या कूलरमधून परत बॉक्सकडे, असा जोड ठेवा. कंडेन्सरच्या जाळीतून प्लॅस्टिकचे टाय ओवून तो लटकवू देऊ नका. हादऱ्यांनी घासून कंडेन्सरच फुटतो. ब्रॅकेट करून घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या बाजारात वापरलेला कूलर स्वस्त मिळेल, पण तो घेऊ नका: जुन्या बॉक्सचा चुरा त्याच्या आत बसलेला असतो आणि धुऊन पूर्ण निघत नाही. होज तेलाचाच, दाबाला चालणारा; साधा पेट्रोलचा पाइप नाही.

बॉक्स खरोखर खोलायची वेळ आली, हे ओळखायच्या खुणा अशा: गिअर पडताना आरपीएम वर जातात पण गाडी उचलत नाही, ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी हलते, चुंबकावर धातू आहे, आणि तेल बदलूनही जळका वास परत आलाय. त्या वेळी खर्चाचा अंदाज लेखी घ्या, कन्व्हर्टर त्यात धरलाय का ते विचारा, आणि कूलर व त्याचे पाइप नवीन टाकणार का हेही. जुन्याच कूलरवर नवा बॉक्स जोडला तर आधीच्या बॉक्सचा चुरा पहिल्याच फेरीत त्यात जाईल. गाडीची पंधरा वर्षं भरत आली असतील, तर आरटीओत पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण होईल अशा स्थितीत बॉडी आणि चॅसी आहे का, हे खालून एकदा बघून घ्या, आणि मगच ॲडव्हान्स द्या.